घराण्यात साखर आहे, मग आपण काय करायचे?

वस्तीत साखर तपासण्याचे शिबिर लागले की दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "आमच्या घराण्यात कोणालाच शुगर नाही, मला कुठून होणार?" दुसरा म्हणतो, "बापाला होती, आजीला होती, मलाही होणारच. तपासून काय करू?" दोघांचे बोलणे उलट आहे, पण शेवट एकच होतो. दोघेही बोट टोचून न घेता घरी जातात. मग पाचसात वर्षांनी पायाची जखम भरत नाही किंवा नजर मंद होते, आणि तेव्हा दवाखान्यात कळते की साखर फार दिवसांपासून वाढलेली होती.

फ्रेजरपुऱ्यात असो की अकोट फैलात, आपल्या घरांतली साठी ओलांडलेली माणसे या दोन गैरसमजांत अडकलेली आहेत. म्हणून या वेळी आपण आनुवंशिकतेचा विषय घेऊ. रक्ताच्या नात्यातून मधुमेहाचे काय येते, काय येत नाही, आणि जे आले आहे त्याचे काय करता येते, हे पाहू.

आईवडिलांकडून काय येते?

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत जनुके असतात. शरीर कसे बांधायचे आणि कसे चालवायचे, याच्या त्या सूचना आहेत. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते आणि एक वडिलांकडून. जेवणातून रक्तात आलेली साखर पेशींत पोहोचवण्याचे काम इन्सुलिन करते. हे इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होते. ते किती तयार व्हावे, केव्हा सुटावे, पेशींनी त्याला किती दाद द्यावी, या सगळ्यांत जनुकांचा वाटा असतो.

पन्नाशी-साठीत होणारा नेहमीचा मधुमेह हा दुसऱ्या प्रकारचा. तो एका जनुकाने होत नाही. शेकडो जनुकांतील लहानलहान फरक मिळून त्याची जोखीम ठरते. त्यांतल्या त्यात जास्त परिणाम करणारे जनुक म्हणजे टीसीएफ७एल२. २००६ साली आइसलँडमधील संशोधकांनी ते दाखवून दिले. पुढच्याच वर्षी पुण्याचे केईएम रुग्णालय आणि हैदराबादची सीसीएमबी ही संस्था यांच्या संशोधकांनी पुण्यातील मधुमेही लोकांमध्येही त्याचा ठळक संबंध असल्याचे सिद्ध केले. म्हणजे ही गोष्ट परदेशापुरती नाही, आपल्या मराठी मुलखातली आहे. पण या जनुकाचा जोर किती? त्याची एक जोखमीची प्रत असेल तर धोका साधारण दीडपटीपेक्षा थोडा कमीच वाढतो. जिथे शंभरात दहा जणांना मधुमेह व्हायचा तिथे तेरा-चौदा जणांना होईल. म्हणजे सर्वांत जोरदार जनुकसुद्धा बहुतेकांना मधुमेही करत नाही.

अशी अनेक जनुके एकाच घरात जमली की जोखीम वाढत जाते. पाश्चात्त्य देशांतील कुटुंबांच्या अभ्यासांवरून असा अंदाज आहे की आईवडिलांपैकी एकाला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असेल तर मुलाला आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता सुमारे ४० टक्के, आणि दोघांनाही असेल तर सुमारे ७० टक्के असते. आकडे मोठे आहेत. पण उलट बाजूनेही वाचा : एका पालकाला मधुमेह असला तरी दहांपैकी सहा मुले सुटतात. शिवाय घराण्यातून फक्त जनुके येत नाहीत. एकच चूल, एकच चहाचे पातेले, तीच बसण्या-उठण्याची सवय, तोच तंबाखूचा डबा आणि तीच चिंता हेही बापाकडून मुलाकडे येते. या दुसऱ्या वारशावर आपला हात चालतो.

एक दुर्मीळ प्रकार वेगळा ओळखावा. आजा, बाप आणि नातू अशा सलग तीन पिढ्यांत पंचविशीच्या आतच मधुमेह दिसत असेल, तर तो एकाच जनुकामुळे होणारा असू शकतो. त्याचे औषध वेगळे असू शकते. अशा घराने ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी.

मग म्हातारपणीच का दिसतो?

जनुके जन्मापासून तीच असतात, तरी पंचवीस वर्षे गुण्यागोविंदाने जातात आणि पन्नाशीनंतर साखर वाढते. याचे कारण वयात आहे. वाढत्या वयाबरोबर स्वादुपिंडाची इन्सुलिन सोडण्याची ताकद उतरते. ज्याला मुळातच ती कमी मिळाली त्याची तूट आधी उघडी पडते. दुसरे, जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायू ओढून घेतात. म्हातारपणी स्नायू झिजतात आणि त्यांच्या जागी पोटावर चरबी चढते.

आपल्या वस्त्यांत यात आणखी एक गोष्ट मिळते. आयुष्यभर निंदण-खुरपण केलेली, कापूस वेचलेली बाई, किंवा धान्याच्या अडत्याकडे पोती उचललेला माणूस, गुडघे-कंबर गेल्यावर एकाएकी घरी बसतो. काम थांबते, पण ताट तेवढेच राहते. उलट रेशनचा तांदूळ घरात आल्याने ज्वारीच्या भाकरीच्या जागी दोन वेळचा भात येतो. आजवर मेहनतीने झाकून ठेवलेली जोखीम अशा वेळी वर येते. म्हणून काम सुटल्यानंतरची दोनतीन वर्षे तपासणीच्या दृष्टीने फार महत्त्वाची.

"मी तर काटकुळा आहे!"

शुगर लठ्ठ आणि पैसेवाल्यांना होते, हा समज अजून गेलेला नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपला आणि आपल्या इंग्रज सहकारी डॉक्टरांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघेही सारखेच सडपातळ. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना सारखे म्हणत होता, आतली गोष्ट निराळी होती.

ही गोष्ट पोटातच सुरू होते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तिथे दिसले की आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी पडले होते ते स्नायू आणि इतर अवयव. पोटात असताना उपासमार झाली की शरीर काटकसर शिकते. पुढे पोटभर मिळू लागले की तीच काटकसर साखर वाढवते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली होती. त्या वेळी आईच्या पोटात असलेल्यांच्या साखरेची पन्नाशीत तपासणी केली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त निघाली. १९७२ च्या दुष्काळात आपल्या माणसांनी सुकडी खाऊन खडी फोडली. त्या दिवसांत जन्मलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. अशा सर्वांनी, अंगाने बारीक असले तरी, स्वतःला जोखमीत धरून तपासणी करावी.

याचा अर्थ असा की वारसा नुसत्या रक्ताचा नसतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भुकेचाही वारसा असतो. "आपल्या जातीतच साखर आहे" असे बोलणे चूक आहे. जात जनुकात नसते. पण जातीमुळे वाट्याला आलेली उपासमार मात्र शरीरावर खूण ठेवून जाते, आणि गरोदर बाईला पोटभर, सकस जेवण दिले तर ती खूण पुढच्या पिढीवर कमी उमटते.

सिकलसेल असेल तर रिपोर्ट फसवू शकतो

आता विदर्भातल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे असा मुद्दा. सिकलसेलचे जनुक आपल्या भागात पुष्कळ आहे. १९५८ सालीच नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची माहिती जगापुढे मांडली होती. मेळघाटातले कोरकू, गोंड, बौद्ध, कुणबी, तेली अशा अनेक समाजांत ते आढळते. ज्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत आहे तो वाहक. त्याला बहुधा काही त्रास नसतो, आणि मलेरियाच्या गंभीर आजारापासून त्याचे रक्षणही होते. म्हणूनच मलेरियाच्या मुलखांत हे जनुक टिकून राहिले. त्यात कमीपणा काही नाही.

सिकलसेलमुळे मधुमेह होत नाही. अडचण तपासणीत येते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी लाल रक्तपेशींतील हिमोग्लोबिनवर किती साखर चिकटली ते मोजते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, हे धरून तिचा हिशेब बसवलेला आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी फार लवकर मरतात. त्यांच्यावर साखर चिकटायला वेळच मिळत नाही. त्यामुळे साखर वाढलेली असूनही रिपोर्ट चांगला येतो. वाहकांच्या बाबतीत फरक लहान असतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या अभ्यासात, रक्तातील साखर सारखी असतानाही वाहकांचा आकडा सुमारे ०.३ ने कमी आला. काही यंत्रांना सिकल हिमोग्लोबिन नीट ओळखूही येत नाही. मधुमेहाची रेषा ६.५ वर असताना ०.३ चा फरक म्हणजे एखादा मधुमेही 'नॉर्मलच्या जवळ' म्हणून घरी पाठवला जाण्याची शक्यता.

याच्या उलट, लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर हा आकडा खोटा वाढू शकतो. नुकतेच रक्त चढवले असेल तरी तो विश्वासाचा राहत नाही.

म्हणून सिकलसेलचे कार्ड असलेल्या, किंवा घरात कोणी रुग्ण अथवा वाहक असलेल्या माणसाने साखर तपासताना ही गोष्ट आधी सांगावी. "माझी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखरही बघा," असे डॉक्टरांना म्हणावे. या दोन तपासण्या थेट रक्तातील साखर मोजतात, म्हणून सिकलसेलचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. सिकलसेलची तपासणी झालेली नसेल तर ती सरकारी दवाखान्यात करून घ्यावी. मुलामुलींच्या लग्नाआधी तर ती करावीच.

घरीच जोखीम मोजा

जनुकांची तपासणी करून देणाऱ्या खासगी जाहिराती हल्ली मोबाइलवर येतात. नेहमीच्या मधुमेहासाठी त्यावर हजारो रुपये घालवण्याची गरज नाही. शिंप्याकडची टेप आणि घरातल्या जाणत्या माणसाची आठवण एवढे पुरे. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने २००५ साली भारतीय लोकांसाठी गुणांची एक सोपी पद्धत तयार केली. ती अशी :

वय – ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ असेल तर २०, ५० किंवा जास्त असेल तर ३०.

कमरेचा घेर – बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत ०, ८० ते ८९ असेल तर १०, ९० किंवा जास्त असेल तर २०. पुरुषांचा ९० च्या आत ०, ९० ते ९९ असेल तर १०, १०० किंवा जास्त असेल तर २०.

हालचाल – बैठे काम आणि व्यायाम काहीच नाही तर ३०. मेहनत किंवा व्यायाम वाढेल तसे गुण कमी होतात. भरपूर अंगमेहनत आणि नियमित व्यायाम असेल तर ०.

आईवडील – कोणालाच मधुमेह नाही तर ०, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०.

बेरीज ६० किंवा जास्त आली तर जोखीम मोठी. ३० ते ५० मध्यम. ३० च्या आत कमी.

समजा, ६२ वर्षांचे एक काका रात्री चौकीदारी करतात. आईला मधुमेह होता. कमर ९६ सेंटिमीटर. फिरणे नाही. वयाचे ३०, आईचे १०, कमरेचे १०, बसून राहण्याचे ३०. बेरीज ८०. यातले वय आणि आई बदलता येत नाहीत. ते झाले ४०. उरलेले ४० त्यांच्या हातात आहेत. पूर्ण तक्ता पाहिला तरी तेच दिसेल : शंभरांपैकी ५० गुण वय आणि आईवडिलांचे, ५० कमर आणि हालचालीचे.

"घराण्यात कोणालाच नाही" म्हणणाऱ्यांनीही हा तक्ता भरावा. आपल्या मागच्या पिढीची साखर कोणी तपासलीच नव्हती. आजा "लघवीला मुंग्या लागत होत्या" किंवा "पाय सडून गेला" असे कोणी सांगत असेल, तर तोही मधुमेहाचा इतिहास असू शकतो.

जोखीम असूनही टाळता येतो

अमेरिकेत तीन हजारांवर लोकांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यांची साखर वाढलेली होती, पण मधुमेहाच्या रेषेपर्यंत पोहोचलेली नव्हती. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांनी आठवड्याला १५० मिनिटे चालणे आणि वजन सुमारे ७ टक्के कमी करणे हे ध्येय ठेवले, त्यांच्यात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी! म्हणजे म्हाताऱ्यांना फायदा तरुणांपेक्षा जास्त झाला. पुढे २००६ साली याच लोकांचे टीसीएफ७एल२ जनुक तपासले. ज्यांच्याकडे त्याच्या दोन्ही प्रती जोखमीच्या होत्या त्यांना मधुमेह जास्त झाला हे खरे, पण चालणे आणि आहार सांभाळणाऱ्या गटात या जनुकाचा जोर बराचसा ओसरलेला दिसला. भारतातही २००६ साली चेन्नईच्या डॉक्टरांनी असाच अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याकडे फायदा थोडा कमी, २८.५ टक्के दिसला, पण तोही लहान नाही.

"नशिबातच आहे" या वाक्याला यापेक्षा चोख उत्तर नाही. कारण कळले की उपाय सुचतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत ध्यानात ठेवा

म्हाताऱ्या माणसांत मधुमेहाची नेहमीची लक्षणे दिसतीलच असे नाही. तहान कमी लागते. रात्री चारदा लघवीला उठणे, विनाकारण थकवा, वजन उतरणे, तोल जाणे, विसरभोळेपणा वाढणे, पायाला मुंग्या येणे, जखम न भरणे याकडे "वय झाले" म्हणून दुर्लक्ष करू नका.

औषध सुरू असेल तर साखर फार खाली जाण्याचा धोका म्हातारपणी मोठा. दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे दिसले की लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि नंतर खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. गोळी घेऊन उपाशी राहू नये. वर्षावासात किंवा पौर्णिमेला उपोसथ धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. थकलेल्या, अनेक आजार असलेल्या म्हाताऱ्याची साखर तरुणासारखी काटेकोर खाली आणण्याचा हट्टही डॉक्टर धरत नाहीत. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपल्या आजीला देऊ नका.

ताटात फार उलथापालथ नको. भात अर्धा करून भाकर, तुरीचे किंवा मुगाचे वरण, हरभऱ्याचे बेसन, आंबाडी, मेथी, पालक वाढवा. पण भाकरीही मोजूनच. चहातली साखर हळूहळू शून्यावर आणा. जेवणानंतर वस्तीतच पंधरावीस मिनिटे चाला.

आता ही कामे करा

एका कागदावर घराचा आजार-वृक्ष काढा : आजी-आजोबा, आई-बाबा, मामा, मावशी, काका, आत्या, भाऊ-बहीण. कोणाला मधुमेह, कितव्या वर्षी कळला, कोणाला सिकलसेल, ते लिहा. हा कागद दवाखान्यात सोबत न्या.

तीस वर्षांवरील प्रत्येकाने साखर तपासून घ्यावी. आपला दवाखाना, आयुष्मान आरोग्य मंदिर, अमरावतीचे इर्विन रुग्णालय, अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय येथे ही सोय आहे. आशाताई घरी फॉर्म भरायला येते तेव्हा आईवडिलांच्या आजाराविषयी विचारते. तिला खरे सांगा. बोट टोचून केलेली साखर १४० च्या वर आली तर पुढची तपासणी करा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. काही त्रास नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री केली जाते.

एका जणाला मधुमेह निघाला तर त्याच्या सगळ्या भावंडांना आणि तिशीवरच्या मुलांना त्याच महिन्यात तपासायला न्या. मधुमेह्याने दर वर्षी डोळे, मूत्रपिंड आणि पाय तपासावेत. तंबाखू आणि खर्रा सोडावा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींवर माणसांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. त्यात आपलीही माणसे आहेत. सोयरिकीत अडचण येईल म्हणून अनेक घरे हा आजार लपवतात. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत नजर आणि पाय साथ देत नसतानाही ते लिहीत राहिले, आणि ६५ व्या वर्षी गेले. त्यांचा आजार लपलेला नाही, मग आपण आपला का लपवायचा? येत्या रविवारी विहारात जाताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या, एक टेप आणि एक वही न्या, आणि वस्तीतल्या प्रत्येक घराचे गुण मांडून टाका. ज्यांची बेरीज ६० च्या पुढे जाईल, त्यांना सोमवारी दवाखान्यात पोहोचवण्याची जबाबदारी तरुणांनी घ्यावी.